एकाहून अधिक जोडीदार आणि ज्यूपण

‘ज्यू धर्म पहिल्यापासून एका नवऱ्याचा, एका बायकोचा. पॉलिअमरी मानणाऱ्यांनी स्वतःला ज्यू म्हणवून घेऊ नये,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. पॉलिअमरी म्हणजे सगळ्यांच्या संमतीने एकाहून अधिक जोडीदारांशी नातं. असं नातं ठेवणारे ज्यू आज आहेत, तेही शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीदिवसाच्या, मेणबत्त्या लावतात. त्यांना असं परकं ठरवणं मला अजिबात पटत नाही.

‘पहिल्यापासून’ हे तर धादांत चूक. अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंमध्ये दुसऱ्या बायकोवर बंदी आली ती इ.स. १०००च्या सुमारास, जर्मनीतल्या माइंझचे रब्बी (धर्मगुरू) रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने. येमेनच्या ज्यूंनी ती कधी मानली नाही. १९४९-५०मध्ये ते इस्रायलला आले, तेव्हा त्यांच्यातली काही कुटुंबं दोन बायकांची होती.

पण म्हणून ‘याकोबाला चालत होतं, मग आम्हालाही चालेल’ हे उत्तरही नको. याकोब हा ज्यूंचा पूर्वज; लेआ आणि राहेल या बहिणी त्याच्या बायका. बायबलमधल्या उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात राहेल लेआकडे मॅन्ड्रेक या वनस्पतीची फळं मागते आणि बदल्यात नवऱ्याची एक रात्र देते. संध्याकाळी याकोब शेतातून परततो, तेव्हा लेआ सामोरी जाऊन सांगते, आज मी तुला मोल देऊन घेतलंय. बिल्हा आणि जिल्पा तर या बायकांनी याकोबाला दिलेल्या दासी, त्यांना विचारतो कोण? याला पॉलिअमरी म्हणता येणार नाही.

‘ज्यू म्हणवून घेऊ नये’ हे कुठल्या आधारावर? हलाखानुसार, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रानुसार, आई ज्यू असली किंवा रीतसर धर्मांतर झालं, की माणूस ज्यू. तालमूद या धर्मग्रंथाच्या सान्हेद्रिन नावाच्या भागात स्पष्ट आहे: पाप केलं तरी तो इस्राएलच, म्हणजे ज्यूच.

‘हलाखाला हे मान्य नाही’ या मुद्द्यात मात्र दम आहे. विवाहित स्त्रीचा परपुरुषाशी संबंध निषिद्ध, आणि तो परपुरुष ज्यू असेल तर त्यातून झालेलं मूल ‘मामझेर’ ठरतं. सर्वसाधारण ज्यूशी त्याचं लग्न लागत नाही. हे ओझं पोरावर पडतं, त्यामुळे ते हसण्यावारी नेता येत नाही. पण विवाहित पुरुषाने अविवाहितेशी संबंध ठेवला तर हाच कायदा त्याला व्यभिचार म्हणत नाही. निष्ठेचे दाखले देणाऱ्यांनी हेही सांगावं.

वाद घालायचाच तर ‘शिवा’वर, म्हणजे ज्यूंच्या सात दिवसांच्या शोकावर घाला. जोडीदार गेला की या शोकाला बसण्याचं कर्तव्य लग्नाच्या नवऱ्या-बायकोचं. वीस वर्षं त्याच घरात राहिलेला दुसरा जोडीदार नियमाने शोककर्ताच नाही. त्याच्यासाठी मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारी दहा जणं, जमवायचं की नाही, हे रब्बींनी आणि मंडळींनी ठरवायला हवं.