वॅट लपवून लॅपटॉप विकणाऱ्यांनो

साठ हजार रुपये म्हणजे काय सुटे पैसे वाटतात का तुम्हाला? डोंबिवली-बदलापूरच्या घरात एवढी रक्कम उभी करायला भिशीचा नंबर लागायची वाट बघावी लागते, नाहीतर आईची एफडी मुदतीआधी मोडावी लागते. वर त्यातले नऊ हजारांहून जास्त नुसत्या १८ टक्के जीएसटीत जातात. आणि इतकं करून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पोचलं की दुकानाबाहेर बोर्ड: ‘गेमिंग लॅपटॉप, स्टुडंट ऑफर’. आत नेमकं काय आहे ते विचारलं, की लगेच कपाळावर आठ्या.

माझ्या धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय. त्याला थ्रीडी डिझाइनसाठी सॉलिडवर्क्स लागणार, कोडिंगसाठी पायथन लागणार, आणि हो, रात्री मित्रांबरोबर गेमही खेळायचेत. मी साधं विचारलं, ह्यातलं ग्राफिक्स कार्ड (गेम आणि थ्रीडीचं काम करणारी चिप) किती वॅटचं, म्हणजे त्याला वीज किती मिळते? "ताई, आरटीएक्स आहे ना, सगळं चालतं." अहो, काय सगळं चालतं? लॅपटॉपमधलं एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०५० कार्ड ३५ वॅटचंही असतं आणि ११५ वॅटचंही. नाव तेच, स्टिकर तोच, पण कमी वॅटचं कार्ड भारी गेममध्ये साफ मागे पडतं. नऊ वॅटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅट छापलेले असतात, आणि ज्या वस्तूत घरातली बचत जाते तिच्यावर नाहीत! तो आकडा शोधायला कंपनीच्या वेबसाइटवर पार तळापर्यंत जायचं, तिथेही असला तर असला.

प्रोसेसरचंही तेच. एएमडी कंपनीचा रायझेन ५ ७५२०यू घ्या. सुरुवातीचा सात बघून कोणालाही तो नवाकोरा वाटणार. प्रत्यक्षात आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ सालची, आणि कोअर चार. खरी पिढी तिसऱ्या आकड्यात, इथे त्या २ मध्ये, दडवलेली असते, हे अकरावी-बारावीच्या पोराच्या आईवडिलांना कोण सांगणार? दुकानदार तर नाहीच सांगत. तो फुकटची बॅग आणि माउस पुढे करतो.

रॅम आठ जीबी, तीही एकच पट्टी. दुसरी पट्टी लावायला जागा आहे का? "बघावं लागेल." मग बघा ना! उघडून दाखवा, नाहीतर लिहून द्या. स्क्रीन ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दिसतात त्याचं माप), रंग धुतल्यासारखे फिके, आणि वर म्हणे पोरांना कुठे कळतंय. पोरांनाच कळतं हो. महिनोन्महिने व्हिडिओ बघून, एकेक मॉडेल नंबर वहीत उतरवून ती येतात, आणि तुम्ही त्यांना उडवून लावता.

त्यात नातेवाईक. "शिकायला जातोय की खेळायला?" का, दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल करून आलेल्या मुलाने तासभर खेळलं तर काय बिघडलं? ज्या कार्डावर गेम चालतो त्याच कार्डावर थ्रीडी मॉडेल फिरतं, मशीन लर्निंगचा कोड चालतो. हे कितीदा सांगायचं?

आणि वजनाबद्दल तर कोणी बोलतच नाही. सव्वादोन-अडीच किलोचा लॅपटॉप, वर विटेएवढा चार्जर. हे ओझं पोटाशी धरून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभं राहून दाखवा एकदा. वर्गात बसायला जागा मिळते, प्लग मिळत नाही, त्यामुळे बॅटरी किती तास टिकते हे आम्हाला कळायलाच हवं. उत्तर काय मिळालं? "वापरावर आहे."

त्या दुकानातून आम्ही तसेच उठून आलो. शनिवारी पुन्हा जाणार आहोत. पुढच्या दुकानातही मी आधी वॅट विचारणार, मग मागचं झाकण उघडायला लावणार. नाही म्हणाले तर पैसे पर्समध्येच राहतील.