सणाला नियम सैल की कडक?

गणपती जवळ आले की पुण्यात डीजेचा वाद पेटतो आणि आमच्या पेठेतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "वर्षातून दहाच दिवस, तेवढेही सोसवत नाहीत का?" मी कॅलिफोर्नियात गोलेटाला राहतो. शेजारी आयला व्हिस्टा, सांता बार्बराच्या विद्यापीठाला लागून असलेली विद्यार्थ्यांची दाटीवाटीची वस्ती. तिथे याच प्रश्नाचं उत्तर नेमकं उलटं दिलंय.

एरवी रविवार ते गुरुवार रात्री दहानंतर आणि शुक्रवार-शनिवारी बारानंतर मोठ्याने गाणी लावायची नाहीत. पण हॅलोवीनला बाहेरगावाहून झुंडी येतात, म्हणून 26 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर ही मर्यादा थेट संध्याकाळी सहावर येते. सहानंतर स्पीकरचा आवाज घराबाहेर ऐकू येता कामा नये. एप्रिल 2014 मध्ये 'डेल्टोपिया' या रस्त्यावरच्या पार्टीत दंगल झाली, शंभरावर लोकांना अटक झाली. त्यानंतर वसंतातल्या त्या दिवसांनाही असाच नियम लागला.

इथली पोरं चिडतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. धुडगूस घालतात पाहुणे, दंड भरतो भाडेकरू.

आपल्याकडे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, पण सरकारला वर्षातून 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. म्हणजे गर्दी वाढली की नियम सैल. बरं, ही सूट फक्त वेळेची आहे. आवाजाची मर्यादा तशीच राहते: रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. विसर्जन मिरवणुकीत सीओईपी या पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून मोजतात, तेव्हा आकडा शंभरीच्या आसपास असतो. दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो आणि विषय संपतो. नारायण पेठेत आमच्या स्वयंपाकघरात मांडणीवरच्या ताटल्या थरथरतात, आई दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसते.

ढोल-ताशा मला हवा आहे. महिनोन्‌महिने नदीकाठी सराव करणारी कॉलेजची पोरं-पोरी पथकात असतात, तो उत्सवाचा जीव आहे. स्पीकरच्या भिंती भाड्याने आणलेल्या असतात. त्यांना सहा वाजताच बंद करा असंही मी म्हणत नाही. बारापर्यंत वाजवा, पण परवान्यावर मंडळाच्या अध्यक्षासोबत डीजेमालकाचंही नाव असू द्या, आणि मर्यादा ओलांडली की त्याच रात्री, त्याच चौकात मिक्सर जप्त करा.