खुलासा: दोन स्पर्धक जातींची संख्या 'कायम फिरत' राहत नाही

कोल्हापुरातल्या एम.एस्सी.च्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'रंकाळ्यात एकाच खाद्यावर जगणाऱ्या माशांच्या दोन जाती असतील, तर त्यांची संख्या आळीपाळीने कायम वरखाली होते, लोटका-व्होल्टेराच्या स्पर्धेच्या समीकरणांतून हे सिद्ध आहे.' हे चूक आहे. बंद वक्रं, म्हणजे संख्या फिरून पुन्हा त्याच आकड्यांवर येणं, भक्ष्य-भक्षकाच्या समीकरणांत येतात. दोन्हींना लोटका-व्होल्टेरा हे एकच नाव, त्यामुळे गल्लत होते.

स्पर्धेची समीकरणं: x′ = x(1−x−ay), y′ = y(1−y−bx), x आणि y या दोन जातींच्या संख्या (धन), x′ आणि y′ त्यांच्या बदलाचे दर, a आणि b स्पर्धेची तीव्रता सांगणारे धन सहगुणक. दोन्ही उजव्या बाजूंना 1/(xy) ने गुणा. पहिलीचं x-सापेक्ष आणि दुसरीचं y-सापेक्ष आंशिक विकलन करून बेरीज घ्या: −(1/x + 1/y). ती कायम ऋण, म्हणून ड्यूलाकच्या निकषानुसार (अशी बेरीज एकाच चिन्हाची राहिली तर बंद वक्र असू शकत नाही) आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने तंतोतंत पुन्हा येणारं, उत्तर नाही. विषय संपला.

मग मेसेजसोबतच्या आलेखासारखी नागमोडी रेघ कशी येते? बहुधा ऑयलर पद्धतीत (काळाच्या पायऱ्या-पायऱ्यांनी समीकरणं अंदाजे सोडवण्याची रीत) पायरी मोठी घेतल्याने. a = b = 0.5, सुरुवात x = y = 0.5 घ्या. पायरी 2.2 ठेवली तर संख्या 0.50 आणि 0.78 च्या आसपास उड्या मारत राहते. पायरी 0.01 करा, तीच निमूटपणे 0.667 वर बसते.

ऋतूनुसार सहगुणक बदलत असतील तर मात्र आवर्ती उत्तरं मिळू शकतात. तीन जातींतही मिळतात. मे आणि लिओनार्ड यांचं 1975 चं प्रारूप बघा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.