स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलं म्हणजे दप्तर जतन झालं?

जुने कागद जपणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. ग्रंथालयांचे कार्यवाह, घराण्याची दप्तरं सांभाळणारे, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक, सगळेच तो पुढे पाठवतात. त्याचा आशय असा: कागद मोबाइलने स्कॅन करा, पीडीएफ करा, गूगल ड्राइव्हवर टाका, की ते कायमचे जतन झाले. फायलींना नीट नावं दिली की सूचीचीही गरज उरत नाही. अभिलेखागारांसाठीची अ‍ॅटम, आर्काइव्हमॅटिका अशी ओपन सोर्स (मूळ आज्ञावली सगळ्यांना खुली असलेली) सॉफ्टवेअरं, पहिलं सूचीसाठी आणि दुसरं डिजिटल फायलींच्या जतनासाठी, फुकटची, म्हणून बेभरवशाची. उद्या ती बंद पडली तर सगळं आत अडकेल. मराठी आणि मोडीला ती चालत नाहीत, आणि लहान संस्थेला तर झेपणारच नाहीत.

हे लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे. वाळवी, पाणी आणि अनास्था यांनी आपल्याकडचे किती कागद गिळले याची मोजदाद नाही, आणि काहीच न करण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढून ठेवणं केव्हाही चांगलं. पण शेवटचा मुद्दा अर्धा सोडला तर यातलं एकही विधान टिकत नाही. आणि त्यावर विसंबून लोक मूळ कागद रद्दीत घालायला निघतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिलं विधान: स्कॅन झालं की जतन झालं. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. १९९० नंतरची पंधरा-वीस वर्षं मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये टाइप झाला. त्या काळात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. छापखान्यातून मिळालेली त्या काळची सीडी आज उघडली, तर जिथे संपादकीय असायला हवं तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मांडणी पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली असेल तर फाइल उघडतच नाही, कारण त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांनी पेजमेकरला केव्हाच रजा दिली. लक्षात घ्या, फाइल खराब झालेली नाही. तिचा एकही बिट हललेला नाही. फक्त ती वाचणारं काही उरलं नाही.

इंग्लंडमध्ये याचा मोठा धडा मिळाला. तिथल्या राजाने १०८६ मध्ये करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या डूम्सडे पाहणीला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये देशाची नवी पाहणी केली, दहा लाखांहून जास्त लोकांनी मजकूर आणि छायाचित्रं दिली, आणि ते सगळं लेझरडिस्कवर भरलं. पंधरा वर्षं उलटली तेव्हा त्या तबकड्या वाचणारी चालू यंत्रं शोधावी लागत होती. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या प्रकल्पाने जुन्या संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा तो साठा पुन्हा दिसू लागला. १०८६ चा मूळ ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ही अ‍ॅप कागद ‘स्वच्छ’ करतात: पार्श्वभूमी पांढरी, शाई काळी. जुन्या कागदावर फिकट शिक्का असतो, समासात वेगळ्या हाताचा शेरा असतो, कागदाच्या पोतात जलचिन्ह असतं आणि त्यावरून कागदाचा काळ ठरवायला मदत होते. हे सगळं एका बोटाच्या दाबाने पुसलं जातं. मूळ प्रतिमा, न सुधारलेली, वेगळी ठेवायलाच हवी. पीडीएफ वाचकांसाठी ठीक आहे, पण जतनाची प्रत ती नव्हे.

जतनाचं सॉफ्टवेअर नेमकं इथे कामाला येतं. आर्काइव्हमॅटिकात फायली टाकल्या की आधी प्रत्येकीचा डिजिटल ठसा, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, घेतला जातो, विषाणू तपासले जातात, मग फाइल खरोखर कोणत्या प्रकारची आहे हे ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने चालवलेल्या प्रोनोम या नोंदवहीशी ताडून पाहिलं जातं. फाइलच्या नावाच्या शेपटावर विश्वास ठेवला जात नाही. जिथे नियम ठरलेला असतो तिथे टिकाऊ स्वरूपातली दुसरी प्रत बनते, मूळ फाइल तशीच राहते, आणि कधी काय केलं याची नोंद सोबत राहते. जुन्या मराठी फॉन्टचा प्रश्न यातून आपोआप सुटणार नाही, तो आपल्यालाच सोडवायचा आहे. पण साठ्यात पेजमेकरच्या किती फायली आहेत हे आजच कळलं, तर तो फॉन्ट ज्याच्या जुन्या संगणकावर अजून शिल्लक आहे त्याला गाठता येतं.

दुसरं विधान: ड्राइव्ह आहे ना. ड्राइव्हवर एक प्रत जरूर ठेवा. एकच प्रत तिथे ठेवू नका. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण गूगलने बंद करायचं २०२१ मध्ये जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षापासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या फायलींसकट काढून टाकण्याचा नियम २०२३ मध्ये आला. आता आपल्या संस्थांमध्ये हे खातं कुणाच्या नावावर असतं ते आठवा. त्या वेळच्या कार्यवाहांच्या. निवडणूक होते, कार्यकारिणी बदलते, पासवर्ड जुन्या फोनबरोबर जातो, आणि शंभर वर्षांची इतिवृत्तं एका अशा खात्यात राहतात ज्यात कुणीच शिरत नाही. मोठ्या कंपनीकडून डेटा हरवत नाही, हाही भ्रम आहे: सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ दरम्यान लोकांनी चढवलेलं संगीत आपल्याकडून गेल्याचं मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये कबूल केलं.

तिसरं विधान मला सगळ्यात घातक वाटतं: फायलींना नीट नावं दिली की पुरे.

पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि रुमाल रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी अशा विभागांत. एखादा सुटा हिशेब ‘हिशेब-००४७’ या नावाने ड्राइव्हवर पडला तर तो कोणत्याही गावचा, कोणत्याही कामाचा असू शकतो. तोच कागद घडणीच्या अमुक रुमालातला, अमुक कागदाच्या शेजारचा आहे हे कळलं की तो बोलू लागतो. कागदाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांत असतो. म्हणून अभिलेखागारं कागद विषयवार लावत नाहीत. ते कुणी, कोणत्या कामासाठी निर्माण केले ते पाहतात आणि मूळ क्रम मोडत नाहीत. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेचं आयसॅड-जी हे वर्णनाचं मानक याच तत्त्वावर उभं आहे: आधी पूर्ण दप्तर, मग त्यातल्या मालिका, मग फाइल, मग सुटा कागद, आणि वरच्या स्तरावर सांगितलेलं खाली पुन्हा सांगायचं नाही. मानकात २६ घटक आहेत, पण देवाणघेवाणीसाठी अत्यावश्यक फक्त सहा: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, व्याप आणि स्तर.

अ‍ॅटम याच परिषदेच्या पुढाकाराने जन्मलं आणि व्हँकुव्हर परिसरातल्या आर्टिफॅक्चुअल या कंपनीने वाढवलं. त्यात ही उतरंड अंगभूत आहे. ड्राइव्हवरच्या फोल्डरात फोल्डर टाकून ती साधत नाही, कारण फोल्डरला निर्माता नसतो, काळ नसतो, व्याप नसतो.

काळाचा मुद्दा आपल्यासाठी इतका महत्त्वाचा आहे की जरा थांबतो. मराठी कागदावर तारीख शकात असेल, फसलीत असेल, राज्याभिषेक शकात असेल, किंवा सुहूर सनात अरबी अंकशब्दांत: ‘सलास सबैन मया व अलफ’, म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७३, म्हणजे मृगापासून मृगापर्यंत १७७२-७३. फाइलच्या नावात यातलं काय लिहिणार? अ‍ॅटममध्ये काळाचे तीन रकाने असतात. एकात कागदावर जसं आहे तसं लिहायचं, अक्षरशः. दुसऱ्या दोनांत आरंभ आणि अखेर, इसवी सनात, शोधासाठी. नुसतं ‘शके १६९५’ असेल तर आरंभ १७७३, अखेर १७७४. मूळ उल्लेखही राहिला आणि १७७३ शोधणाऱ्यालाही कागद सापडला. माणसांचंही तसंच. नाना फडणवीस, बाळाजी जनार्दन, बाळाजी जनार्दन भानू ही एकाच माणसाची नावं एका अधिकृत नोंदीत जोडता येतात, आणि त्या नोंदीला त्याचे सगळे कागद.

हे सगळं देवनागरीत चालतं, कारण साठवण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामायिक संकेतांत, आहे. मोडीचे संकेत युनिकोडमध्ये २०१४ मध्ये आले. सॉफ्टवेअर मोडी वाचून देत नाही हे खरं, पण ते वर्णनाच्या सॉफ्टवेअरचं कामच नाही. वाचणारा जाणकार जे लिहील ते नीट, शोधता येईल असं ठेवणं एवढं त्याचं काम. ‘मराठीला चालत नाही’ हा मुद्दा इथेच संपतो.

फुकटचं म्हणून बेभरवशाचं? युनेस्को, संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक बँक यांच्या अभिलेखागारांच्या सूची अ‍ॅटमवर आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांची ग्रंथालयं ज्यावर चालतात ते कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं, तेही ओपन सोर्सच. भारत सरकारचं २०१५ चं धोरण स्वतःच्या यंत्रणांसाठी ओपन सोर्सला प्राधान्य द्या असं सांगतं. पैसे मात्र लागतात, हे स्पष्ट सांगायला हवं. परवान्याचे लागत नाहीत, पण सर्व्हरचे, बॅकअपचे आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे लागतात. ज्याने ‘सगळं फुकट होईल’ असं सांगून एखाद्या संस्थेला यात ओढलं, त्याने तिचं नुकसानच केलं.

मग ते बंद पडलं तर? या प्रश्नाचा मला आदर आहे, कारण सॉफ्टवेअर निवडताना हाच पहिला विचारायचा. फक्त तो ड्राइव्हला आणि बंद सॉफ्टवेअरलाही विचारा.

आर्काइव्हमॅटिका शेवटी जे गाठोडं बनवतं ते बॅगइट नावाच्या मांडणीत असतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी ती रूढ केली, आणि २०१८ मध्ये तिचा लिखित नियम इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. गाठोडं सोडलं तर आत असतो एक साधा फोल्डर. त्यात ‘डेटा’ नावाचा आणखी एक फोल्डर, ज्यात तुमच्या फायली. बाहेर दोन-चार टेक्स्ट फायली. एकीत दोनच ओळी: मांडणीची आवृत्ती आणि लिपीसंकेत. दुसरी यादी, जिच्या प्रत्येक ओळीत ६४ अंकाक्षरांचा ठसा आणि त्यापुढे फाइलचा पत्ता. नोटपॅडमध्ये उघडा, दिसेल. कोणत्याही लिनक्स संगणकावर एका आज्ञेने ठसे पुन्हा काढून यादीशी ताडून पाहता येतात. एखाद्या प्रतिमेचा एक बिंदू जरी बदलला असेल तर ठसा पार वेगळा येतो. यासाठी आर्काइव्हमॅटिका लागत नाही. ते उद्या जगातून नाहीसं झालं तरी तुमचं गाठोडं तुमच्याजवळ आहे, आणि आतली फाइल शाबूत आहे की नाही हे तुम्ही स्वतः सिद्ध करू शकता. ड्राइव्हवरच्या पीडीएफबद्दल तीन वर्षांनी हे सांगायचं असेल, तर असे ठसे आधी आपणच घेऊन ठेवलेले असायला लागतात.

ओपन सोर्स प्रकल्प बंद पडतातही. अमेरिकेत आर्किव्हिस्ट्स टूलकिट आणि आर्कोन अशी वर्णनाची दोन सॉफ्टवेअरं होती. दोन्ही थांबली, आणि दोन्हींच्या जागी २०१३ मध्ये आर्काइव्ह्जस्पेस आलं. जुन्या वापरकर्त्यांसाठी नोंदी हलवायची साधनं सोबत दिली गेली. नोंदींची रचना उघडी होती म्हणून ते करता आलं. अ‍ॅटमही म्हातारं होत आहे. ते सिम्फनी या वेब-सॉफ्टवेअर बांधायच्या चौकटीच्या फार जुन्या आवृत्तीवर उभं आहे आणि ही त्याची खरी कमजोरी आहे. पण त्यातल्या नोंदी सीएसव्ही आणि एक्सएमएल या साध्या, खुल्या मजकुरी स्वरूपांत पूर्ण बाहेर काढता येतात, तेही आज, कुणाची परवानगी न घेता.

उरला शेवटचा मुद्दा, लहान संस्थेला न झेपण्याचा. तो अर्धा खरा आहे. आर्काइव्हमॅटिका जड आहे. एक अर्धवेळ ग्रंथपाल आणि एक संगणक असलेल्या वाचनालयाने त्याच्या वाटेला जाऊच नये. त्यांनी एक्सेल उघडावं, वरचे सहा घटक सहा रकान्यांत लिहावेत, दप्तराच्या स्तरापासून सुरुवात करून खाली जावं. हीच फाइल पुढे सीएसव्ही करून, रकान्यांची नावं जुळवून अ‍ॅटममध्ये चढवता येते, म्हणजे श्रम वाया जात नाहीत. प्रोनोमवर चालणारं ड्रॉइड हे साधन साध्या लॅपटॉपवर चालतं. बॅगइटची गाठोडी बनवायलाही सर्व्हर लागत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. ड्राइव्ह यातली एक. वर्षातून एकदा ठसे ताडून पाहायचे आणि त्याची नोंद संस्थेच्या इतिवृत्तात करायची, म्हणजे कार्यकारिणी बदलली तरी काम चालू राहतं.

आणि प्रत्येकाने वेगळा सर्व्हर घ्यायचं कारणच नाही. अ‍ॅटम पहिल्यापासून अनेक संस्थांच्या सूची एकत्र ठेवण्यासाठी बांधलेलं आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या लहानमोठ्या अभिलेखागारांची मेमरीबीसी ही सामायिक सूची आणि ओंटारिओची आर्किऑन त्यावरच चालतात. प्रत्येक संस्था आपापल्या नोंदी लिहिते, आणि देखभाल एका ठिकाणी होते. आपल्याकडे शंभरी ओलांडलेली वाचनालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. एका जिल्ह्यातल्या पाच-सहांनी एकत्र येऊन एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि महाविद्यालयात कोहा सांभाळणाऱ्या एखाद्या ग्रंथपालाला मानधनावर जोडून घेतलं, तर सुरुवातीला एवढं पुरतं. पहिल्या वर्षी फक्त दप्तरांच्या स्तराच्या नोंदी करा: कुणाचं दप्तर, कोणत्या काळातलं, किती रुमाल, कुठे ठेवलं आहे.