सातवं पान

सकाळी भाचीचा मेसेज आला, "मावशी ऑफर लेटर आलं, बघ ना!!" आणि खाली नऊ पानांपैकी एकाच पानाचा फोटो. पगाराच्या. बाकीची पानं कुठायत विचारलं तर म्हणे अगं ते सगळं स्टँडर्ड असतं, कोण वाचतं. तेव्हापासून डोकं फिरलंय. तिच्यावर नाही, तिच्या वयात मीही हेच केलं होतं म्हणून.

उरलेली पानं मागवून घेतली. सातव्या पानावर बारीक अक्षरात व्हायचं तेच. तिला सोडायचं असेल तर ९० दिवसांची नोटीस. कंपनीला तिला काढायचं असेल तर ३० दिवस, "कोणतेही कारण न देता", किंवा त्याबदल्यात ३० दिवसांचा पगार, आणि पगार म्हणजे फक्त बेसिक, भत्ते सोडून! कपातीत नोकरी गेली तर भरपाई किती, कोणाला आधी काढायचं ते कशावरून ठरवणार, दुसऱ्या डिपार्टमेंटला जागा असेल तर आधी विचारणार का, यातलं एक अक्षर नाही. मात्र नोकरी सोडल्यावर वर्षभर तशाच दुसऱ्या कंपनीत जायचं नाही, याला अख्खं दीड पान.

माझी नोकरी गेली ते इथे बऱ्याच जणांना माहितीय, पण कशी गेली ते मी कधी लिहिलं नव्हतं. ११ वर्षं झाली होती. दुपारी चारला मीटिंग रूममध्ये बोलावलं, टेबलावर एक कागद आणि त्यावर टोपण काढून ठेवलेलं पेन. कागद म्हणजे माझाच राजीनामा, टाइप केलेला, तारखेसकट. "मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने..." आणि खाली माझं आडनाव चुकीचं. ११ वर्षं सॅलरी स्लिपवर बरोबर येणारं आडनाव!

सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर, नाही केलीत तर टर्मिनेशन, आणि मग पुढच्या कंपनीने विचारलं तर आम्हाला खरं सांगावं लागेल, असं म्हणाले. काय खरं? माझी पोस्टच रद्द केलीत हे खरं होतं ना, सांगा की मग ते! पण तेव्हा यातलं काही तोंडातून निघालं नाही. मी सही केली. आडनाव पेनाने दुरुस्त करून केली.

नंतर वकिलाकडे गेले तर त्यांचा पहिला प्रश्न, राजीनामा दिलात का? कारण राजीनामा म्हटला की ती कपात राहतच नाही. भरपाई, पुन्हा भरती निघाली तर पहिला हक्क, नोकरी गेल्यावरचा विमा असलाच तर त्याचा क्लेम, सगळं त्या एका "स्वेच्छेने"मध्ये बुडतं. जबरदस्ती झाली म्हणायचं तर सिद्ध मी करायचं, आणि त्या खोलीत माझ्या बाजूचं होतं कोण?

मी काही जगावेगळं मागत नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ सालचा १५८ नंबरचा करार आहे, त्यात सरळ म्हटलंय की सबळ कारण असल्याशिवाय काढायचं नाही, वाजवी नोटीस द्यायची, आणि आर्थिक कारणाने माणसं कमी करायची असतील तर कामगारांच्या प्रतिनिधींना वेळेत कळवून त्यांच्याशी बोलायचं. कित्येक देशांनी, आपण धरून, तो मान्यच केलेला नाही. मग जे कायद्यातून मिळत नाही ते नोकरीच्या करारात लिहून घ्यायला नको? वरच्या साहेब लोकांच्या करारात असतंच की, काढलं तर इतक्या महिन्यांचा पगार म्हणून. त्यांना जमतं, मग महिना भरला की हप्ता भरणाऱ्याला का नाही?

हो, कंपन्या खरंच अडचणीत येतात, ऑर्डरी आटतात, दहा जण गेले नाहीत तर शंभर जातील अशीही वेळ येते. मान्य. पण मग जाणाऱ्या दहांना निदान आधीपासून माहीत असू दे की कशाच्या हिशोबाने आणि काय घेऊन जायचंय. चार वाजता कागद पुढे सरकवणं ही कसली अडचण?

लिहिता लिहिता समोर बसलेली ती एचआरची मुलगी आठवली. पंचविशीची असेल. सगळं पाठ करून आलेली, पण पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवताना तिचा हात थरथरत होता. तेव्हा सगळा राग तिच्यावरच काढला मी, नको नको ते बोलले. सहा महिन्यांनी कळलं की तिचंही पद गेलं. तिच्यापुढेही तसाच टाइप केलेला कागद ठेवला असेल. फोन करावा असं खूपदा वाटलं, केला नाही. ते चुकलंच माझं.

भाची घाबरतेय, एवढं मागितलं तर ऑफरच जाईल म्हणते. तिची भीती खोटी नाही. पण आत्ता त्यांना ती हवीय, नंतर कधीच इतकी हवी नसेल, म्हणून आत्ताच विचारायचं. शेवटी तयार झालीय. मेल लिहायला घेतलाय. नोटीस दोन्हीकडून सारखी, बेसिकच्या जागी पूर्ण पगार, आणि कपात झाली तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ठरलेली भरपाई, एवढ्या तीनच गोष्टी. तिसरं कलम आम्हाला नीट शब्दांत बसवता येत नाहीये. इथे कोणी वकील किंवा एचआरवाले असाल तर इनबॉक्समध्ये मसुदा पाठवा प्लीज, तिला उद्या अकराच्या आत उत्तर द्यायचंय.