वेबसाइट सुरक्षित ठेवण्याचा बिनकष्टाचा मार्ग

वेबसाइटच्या सुरक्षेचा पाया म्हणजे विनम्रता. ‘माझ्याकडे नेण्यासारखं आहे तरी काय? चार कविता, दोन प्रवासवर्णनं आणि एक संपर्काचं पान!’ असं रोज झोपण्यापूर्वी मनाशी म्हणत जा. हॅकर हा मुळात रसिक माणूस. तो आधी तुमचं लेखन वाचतो, त्याचा दर्जा जोखतो आणि मगच हल्ल्याचं ठरवतो, यावर श्रद्धा हवी. काही नास्तिक मंडळी सांगतील, की पलीकडे माणूस नसतोच, एक प्रोग्रॅम असतो. तो रात्रंदिवस एकामागून एक पत्ते चाचपत जातो आणि त्याला कविता व बिलाची पावती यांतला फरक कळत नाही. त्याला तुमचा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे राहते तो संगणक, हवा असतो, स्पॅम मेल पाठवायला. गुगलमधली तुमची पत हवी असते, बनावट औषधांच्या लिंका चिकटवायला. आणि तुमचे वाचक हवे असतात, भलतीकडे वळवायला. अशांच्या नादी लागू नका. आपलं लेखन सोडून बाकी सगळं कुणाला तरी हवं आहे, हे कुठल्या लेखकाला ऐकवेल?

आता पासवर्ड. युजरनेम ‘ॲडमिन’ असेल, तर अर्धं काम झालंच आहे. पूर्वी वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवण्याचं सॉफ्टवेअर, आपणहूनच हे नाव द्यायचं. २०१० मध्ये ३.० आवृत्ती आली आणि नाव निवडण्याची कटकट आपल्या गळ्यात पडली. पासवर्ड निवडताना बहुमताचा आदर करावा. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, साध्या मजकुरात साठवले होते, त्यामुळे चोरांना काडीचीही मेहनत पडली नाही. त्यात पहिला क्रमांक पटकावला होता ‘१२३४५६’ने. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाताशी असते, म्हणजे तुमचा पासवर्ड यादीत असेल तर तुम्ही एका ऐतिहासिक दस्तऐवजाचा भाग आहात. तोच पासवर्ड ईमेलला, होस्टिंगला आणि बँकेलाही ठेवा. एकदा फुटला की सगळीकडचं काम एका फटक्यात उरकतं. लॉगिन करताना मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड मात्र कटाक्षाने बंद ठेवा. तो टाइप करण्यात दहा सेकंदं जातात. एवढ्या वेळात आणखी एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकून होतो.

अपडेटची लाल खूण दिसली की विचलित होऊ नका. ‘अपडेट केलं की डिझाइन बिघडतं’ हे वाक्य पाठ करा. वर्डप्रेस २०१३ पासून सुरक्षेचे छोटे अपडेट आपोआप बसवतं, तेवढी सोय शोधून बंद करा. जानेवारी २०१७ मध्ये ४.७.२ ही आवृत्ती आली. तिच्यात एक भयंकर भोक बुजवलं होतं आणि लोकांना अपडेट करायला सवड मिळावी म्हणून वर्डप्रेसवाल्यांनी त्याबद्दल जवळपास आठवडाभर अवाक्षर काढलं नाही. मग ते जाहीर झालं आणि काही दिवसांत लाखो पानांवर भलत्यांचेच संदेश झळकले. मौन पाळण्यात त्यांच्या तोडीस तोड ठरलेल्या वेबसाइटमालकांची ही पानं. वर्डप्रेसच्याच जातीच्या ड्रुपलचं तर विचारूच नका. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी त्यांनी दुरुस्ती दिली आणि दोन आठवड्यांनी सांगितलं, की पहिल्या सात तासांत ती बसवली नसेल तर वेबसाइट फुटली आहे असंच समजा. सात तास! इतक्यात आपली दुपारची झोपही धड होत नाही. उलट लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीचा संयम बघा. त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध होती, हॅकर मे महिन्यात शिरले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला दोन महिने पुरले नाहीत, तर तुम्ही एकटे कुठे कुठे बघणार?

कुणी फारच वाद घातला, तर २०१७ चंच आणखी एक उदाहरण तोंडावर फेका. कॅप्चा नावाचा एक प्लगइन ३ लाख वेबसाइटवर होता. मूळ मालकाने तो विकला आणि नव्या मालकाने अपडेटमधूनच चोरदरवाजा पाठवला. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट केलं, तेच फसले. (खरोखर घडलेलं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच.) मात्र नंतर स्वच्छ आवृत्तीही अपडेटमधूनच गेली, हे सांगायच्या आत विषय बदला.

प्लगइन किती असावेत, याला मर्यादा नाही. जे वापरत नाही तेही राहू द्या. विकतची थीम, म्हणजे वेबसाइटचा तयार पेहराव, फुकट देणाऱ्या उदार वेबसाइट आहेत, तिथून घ्या. कुणीतरी निव्वळ परोपकारापोटी ती फोडून ठेवली आहे. २०१४ मध्ये अशाच फुकट थीम आणि प्लगइनमध्ये क्रिप्टोपीएचपी नावाचा चोरदरवाजा सापडला होता. पण भेट मिळालेल्या वस्तूची कोणी उलटतपासणी करतं का? फाइलींना ७७७ परवानगी द्या, म्हणजे सर्व्हरवरच्या कुणालाही त्या वाचता, बदलता आणि चालवता येतील. पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना, मग वेबसाइट सुरक्षित आहे. ते कुलूप फक्त वाटेत जाणाऱ्या माहितीचं असतं आणि बनावट बँकांच्या पानांवरही दिसतं, हा तपशील झाला.

बॅकअप घ्या. मी इतकाही बेजबाबदार नाही. फक्त तो त्याच सर्व्हरवर ठेवा, म्हणजे शोधायला नको. कोड स्पेसेस नावाच्या कंपनीचा डेटा आणि बॅकअप एकाच कंट्रोल पॅनलच्या हाताखाली होते. जून २०१४ मध्ये हॅकर त्या पॅनलमध्ये शिरला, दोन्ही पुसले आणि कंपनी बंद पडली. हिशेब कसा स्वच्छ! आणि बॅकअप परत चालवून कधीही बघू नका, ते त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तिथे तर हॅकरचीही गरज पडली नाही. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, एकही धड चालत नव्हती. योगायोगाने कुणीतरी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. त्यांनी ही सगळी धावपळ यूट्यूबवर थेट दाखवली. एवढा निर्लज्ज प्रामाणिकपणा आपल्याला झेपणार नाही.

एवढं सगळं पाळल्यावर एक दिवस वाचकाचा निरोप येईल, ‘गुगलवरून आलो तर तुमच्या पानावर जुगाराची जाहिरात उघडते.’ तुम्ही लॉगिन करून बघाल, सगळं जागच्या जागी. अशी जाहिरात बहुधा फक्त गुगलवरून येणाऱ्यालाच दाखवतात, मालकाला नाही. तेव्हा वाचकाला ठामपणे कळवा, ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय, तुमचा कॅशे साफ करा.’ दुसऱ्यानेही तेच सांगितलं, तर त्याचा फोन खराब आहे. मग गुगल तुमच्या नावाखाली ‘ही वेबसाइट हॅक झालेली असू शकते’ असं लिहील आणि होस्टिंगवाले खातं गोठवतील. आता मात्र ‘तांत्रिक कारणास्तव’ असा फलक लावा, दोन महिन्यांपूर्वीचा बॅकअप चढवा, जुने प्लगइन होते तसेच राहू द्या, पासवर्ड बदलू नका, आणि निवांत झोपा. त्या प्रोग्रॅमला पुन्हा पत्ता कळवायची गरज नाही, तो त्याच्याकडे आहे.