सिडको-सातपूरला ‘बाहेरचं’ म्हणणाऱ्यांसाठी

खरं नाशिक द्वारका चौकाच्या अलीकडेच संपतं; सिडको, सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या झोपायच्या वस्त्या, त्यांना ना इतिहास ना संस्कृती. अशा अर्थाचा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मला तो मनापासून खटकला.

आधी इतिहास. पाथर्डी फाट्याजवळच्या पांडवलेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. चैत्याच्या, म्हणजे तिथल्या प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावरच्या लेखात नासिककरांनी गाव दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या गावाचं नाव दगडात कोरलेलं पाहायचं तर जावं लागतं ते या ‘बाहेरच्या’ भागात. 1982 साली महापालिका झाली तीसुद्धा नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली आणि आजूबाजूची खेडी एकत्र करूनच.

झोपायची वस्ती? सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला सातपूरच्या कारखान्यांच्या रस्त्यावर उभं राहा. गावातली माणसं डबा घेऊन तिकडे कामाला जाताना दिसतात. नोटांचा छापखाना नाशिकरोडला 1928 पासून आहे. या शहराची चूल कित्येक दशकं याच भागांवर पेटते आहे.

संस्कृती नाही, हे वाक्य तर श्रावणात सिडकोत न फिरकलेल्या माणसाचं. धुळे-जळगावकडची, कसमादेतली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) माणसं इथं आली ती आपल्या कानबाई देवीला घेऊन. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी तिची स्थापना होते. सगळे भाऊबंद एका घरात जमतात. रोट, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी रांधली जाते. रात्रभर अहिराणी गाणी. सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला निघतात, तेव्हा गल्लीतून वाट काढणं मुश्कील. ही बाई आता नाशिकचीही आहे, आणि तिला परकी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

राहिली गर्दी आणि अरुंद गल्ल्या. ही तक्रार खरी आहे. सिडको या सरकारी महामंडळानं घरं बांधली ती कामगाराला परवडतील अशी, लहान. पुढे पोरं मोठी झाली, सुना आल्या, तसे लोकांनी वर मजले चढवले. दारात गाड्या आल्या, गल्ली मात्र तेवढीच राहिली. तिथं अग्निशमनची गाडी कशी वळणार, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याचा राग ज्यांनी पै-पै साठवून ती घरं घेतली त्यांच्यावर काढणं मला मान्य नाही.